नवा स्मार्टफोन किती आधी जाहीर करावा? कंपन्यांनो, या चुका टाळा

नवा फोन जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एम. जी. रोडवर गिऱ्हाईक दुकानात येऊन पहिला प्रश्न विचारतं, "तो नवा कधी येणार?" दुकानदाराकडे तारीख असेल तर तो नाव लिहून घेतो, बुकिंग करतो. तारीख नसेल तर समोर ठेवलेला फोनही खपत नाही, कारण "मग थांबतो थोडे दिवस" म्हणून गिऱ्हाईक निघून जातं. घोषणा आणि विक्री यांच्यात किती अंतर ठेवायचं हे ठरवताना कंपनीने आधी या माणसाचा विचार केला पाहिजे. बहुतेक चुका तो न केल्यामुळेच होतात.

माझं मत असं : ज्या कंपनीचे आधीचे फोन बाजारात आहेत, तिने घोषणा आणि विक्री यांत एक ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, आणि तेही माल डिस्ट्रिब्युटरकडे निघाल्यावरच. ज्या कंपनीचं दुकानात अजून काहीच नाही, तिला तीन-चार महिने आधी बोलायलाही हरकत नाही.

जुना माल पडून असताना नव्याची दवंडी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नोकियाचं उदाहरण आपल्याकडच्या प्रत्येकाला जवळचं आहे, कारण एके काळी घराघरात त्यांचाच फोन होता. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कंपनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनकडे वळणार असल्याचं जाहीर केलं. त्या प्रणालीवरचे पहिले लुमिया फोन लोकांना दाखवले गेले २६ ऑक्टोबरला. मधले साडेआठ महिने दुकानांत सिंबियन या नोकियाच्या जुन्या प्रणालीचे फोन होते, आणि त्यांना पुढे भवितव्य नाही हे कंपनीनेच जगाला सांगून टाकलं होतं. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाने सुमारे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले होते. २०११ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत हा आकडा १ कोटी ६७ लाखांवर आला. अँड्रॉइडची स्पर्धा होतीच, सगळा दोष घोषणेवर टाकता येणार नाही. पण जो माल आज विकायचा आहे त्याच्यावरचा विश्वास मालकानेच काढून घेतला, तर काउंटरवरच्या पोराने तो कोणत्या तोंडाने विकायचा?

तीच चूक पुढच्या वर्षी पुन्हा झाली. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केलं आणि तेव्हाच्या लुमिया फोनना ते मिळणार नाही हेही उघड झालं. लुमिया ९०० अमेरिकेत विक्रीला येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

गप्प राहणाऱ्या कंपनीलाही ही झळ बसते, पण कमी. २०११ मध्ये पुढच्या आयफोनच्या नुसत्या अफवांनी लोक थांबले. ॲपलची विक्री एका तिमाहीत २ कोटी ३ लाखांवरून १ कोटी ७१ लाखांवर घसरली, आणि अफवांचा परिणाम झाल्याचं कंपनीने मान्यही केलं. मात्र आयफोन ४एस ४ ऑक्टोबरला जाहीर होऊन १४ ऑक्टोबरला दुकानात आला. दहा दिवसांत थांबलेलं गिऱ्हाईक परत मिळालं.

म्हणून घोषणेची तारीख ठरवण्याआधी डिस्ट्रिब्युटरकडे आणि दुकानांत मागच्या मॉडेलचे किती नग शिल्लक आहेत ते मोजा. गोदामातून गेलेल्या मालाचा आकडा बघून फसू नका. फोन विकला गेला म्हणजे तो कुणाच्या तरी हातात सुरू झाला, ॲक्टिव्हेट झाला. शिल्लक जास्त असेल तर आधी मागच्या मॉडेलची किंमत उतरवा, आणि दुकानदाराने जुन्या भावाने घेतलेल्या न खपलेल्या नगांवरचा फरक त्याला क्रेडिट नोटने, म्हणजे त्याच्या खात्यात जमा करून, द्या. याला धंद्यात प्राइस प्रोटेक्शन म्हणतात. ते देणं कंपनीच्या उपकाराचा भाग नाही. सिडको किंवा नाशिक रोडचा लहान दुकानदार चार-सहा नगांवर भांडवल अडकवून बसलेला असतो, आणि तुमच्या घोषणेने एका दिवसात त्याचा माल शिळा होतो. ज्याला एकदा असा फटका बसला, तो पुढच्या वेळी तुमचा फोन मागणीपुरताच भरतो.

"ॲपलनेही सहा महिने आधी सांगितलं होतं"

हा दाखला फार दिला जातो. पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर झाला आणि अमेरिकेत २९ जूनला विक्रीला आला, हे खरं. पण त्याचं कारण स्टीव्ह जॉब्ज यांनी मंचावरच सांगितलं होतं : अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची परवानगी घ्यायला काही महिने लागणार, आणि त्या कागदपत्रांतून फोनची माहिती फुटण्यापेक्षा आपणच तो दाखवलेला बरा. शिवाय ॲपलचा आधीचा फोनच नव्हता, त्यामुळे थांबणारं गिऱ्हाईक थांबून नुकसान करणार होतं ते दुसऱ्या कंपन्यांचं. नथिंग या नव्या कंपनीनेही २३ मार्च २०२२ ला पहिल्या फोनची घोषणा केली आणि १२ जुलैला तो उलगडला. तिथे लांबलेली वाट उपयोगी पडली, कारण लोकांना नाव माहीत व्हायला वेळ हवा होता.

तुमच्या कंपनीचे पाच फोन आज कॉलेज रोडच्या शोरूममध्ये लागलेले असतील, तर हे दोन्ही दाखले तुमच्या कामाचे नाहीत.

तारीख नाही, किंमत नाही, तरी कार्यक्रम

५ सप्टेंबर २०१२ ला नोकियाने लुमिया ९२० दाखवला. फोन चांगला होता. पण किंमतही सांगितली नाही आणि विक्रीची तारीखही. त्याच दिवशी कंपनीचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. आठवड्याने ॲपलने आयफोन ५ जाहीर केला आणि २१ सप्टेंबरला तो विकायलाही सुरुवात केली. लुमिया ९२० बाजारात यायला नोव्हेंबर उजाडला.

आपल्याकडे किंमत लपवणं आणखी घातक आहे, कारण इथला बराचसा व्यवहार हप्त्यांवर चालतो. महिन्याला किती बसेल हे कळल्याशिवाय घरात विषयच निघत नाही. नुसता "लवकरच येत आहे" असा फलक लावून काहीच हाती लागत नाही.

मुहूर्त आधी, फोन नंतर

जिओफोन नेक्स्ट २४ जून २०२१ रोजी जाहीर झाला आणि १० सप्टेंबरला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मिळेल असं सांगितलं गेलं. ऐन वेळी ते दिवाळीवर गेलं, कारण जगभर चिपची टंचाई होती. फोन ४ नोव्हेंबरला आला. टंचाई कंपनीच्या हातात नव्हती, पण ती जूनमध्येही जगाला माहीत होती. सणाचं नाव घेऊन तारीख दिली की ती लोकांच्या मनात पक्की बसते. मग ती हलली तर साध्या तारखेपेक्षा जास्त बोचते.

सण बघूच नयेत असं मी म्हणत नाही. उलट बघितलेच पाहिजेत, पण माल हातात ठेवून. आयफोन १७ हा ९ सप्टेंबर २०२५ ला जाहीर होऊन १९ सप्टेंबरला विक्रीला आला, म्हणजे सगळं पितृपक्षातच. तरी मुंबईत बीकेसीच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या. पंधरा हजारांच्या फोनचं तसं नसतं. निफाड-दिंडोरीकडचं कुटुंब पितृपक्षात नवी वस्तू घ्यायला का-कू करतं आणि घटस्थापनेनंतर, दसऱ्याला किंवा धनत्रयोदशीला घेतं. आमच्या जिल्ह्यात आणखी एक हंगाम आहे जो कंपन्यांच्या कॅलेंडरमध्ये क्वचित दिसतो : द्राक्षांचा. जानेवारी ते एप्रिल बागा निघतात, हातात पैसा येतो आणि शेवटाला गुढीपाडवा असतो. या काळात दुकानात नवा फोन हजर हवा. मार्चमध्ये घोषणा आणि जूनमध्ये माल, असं झालं तर तोवर तो पैसा खतं-औषधांची उधारी आणि मुलांच्या फियांकडे वळलेला असतो.

फोन तयार नसताना

सॅमसंगने गॅलेक्सी फोल्ड २० फेब्रुवारी २०१९ ला दाखवला, २६ एप्रिलची तारीख दिली, आणि परीक्षणासाठी दिलेल्या फोनच्या पडद्यांत बिघाड निघाल्यावर विक्री पुढे ढकलली. तो कोरियात आला ६ सप्टेंबरला. नव्या जातीचा फोन असेल तर बाहेरच्या लोकांच्या हातात महिनाभर राहून टिकल्यावरच तारीख बोला. सॉफ्टवेअरलाही हेच लागू. ॲपलने जून २०२४ मध्ये दाखवलेली नवी सिरी (बोलून काम सांगायची मदतनीस) आयफोन १६ सोबत येणार म्हणून लोकांनी धरलं, आणि मार्च २०२५ मध्ये ती लांबल्याचं सांगावं लागलं.

फोनची माहिती आधीच फुटली म्हणून घाईने केलेली घोषणा हाही याच चुकीचा एक प्रकार. भारतात फोन विकण्याआधी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते आणि तिथले मॉडेल क्रमांक हुडकणारे लोक आहेत. म्हणजे थोडंफार फुटणारच. क्रमांक फुटल्याने दुकानातली विक्री थांबत नाही, कंपनीने दुजोरा दिला की थांबते. गप्प बसा.

चूक होऊनच गेली असेल तर

तारीख हुकणार हे कळल्या दिवशी सांगा, आदल्या रात्री नव्हे. नवी तारीख माल कारखान्यातून निघाल्याशिवाय देऊ नका, कारण दुसऱ्यांदा चुकलेली तारीख कोणी विसरत नाही. ज्यांनी पैसे भरलेत त्यांना परत घेण्याचा सरळ मार्ग द्या, मागावे लागण्याआधी. फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या फ्रीडम २५१ या स्मार्टफोनने देशभर गर्दी जमवली, आणि वर्षभराने त्या कंपनीच्या संस्थापकाला अटक झाली. तेव्हापासून आगाऊ पैसे मागणाऱ्या अनोळखी नावाकडे लोक संशयाने बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

घोषणा आधीच झाली आणि जुना माल अडकला असेल, तर नव्या फोनची जाहिरात काही काळ आवरा, जुन्याची किंमत त्याच आठवड्यात उतरवा, आणि आज जुना घेणाऱ्याला त्याला पुढचे अपडेट किती वर्षं मिळतील ते लेखी सांगा. गिऱ्हाइकाची भीती बहुधा तीच असते.

मधल्या काळात प्रतिस्पर्ध्याचा फोन आला तर नवे दावे करत सुटू नका. डेमो पीस दुकानांत पाठवा, आणि पुण्या-मुंबईत पोचले की झालं असं न समजता नाशिक, मालेगाव, जळगावलाही त्याच दिवशी पाठवा. ज्याला फोन हातात घेऊन कॅमेरा बघता येतो तो आठवडाभर थांबायला तयार होतो. आणि जे काही बदलेल, तारीख असो की किंमत, ते आधी दुकानदाराला कळवा. गिऱ्हाईक मोबाइलवर बातमी दाखवतंय आणि दुकानदाराला पत्ता नाही, असं एकदा झालं की तो पुढच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कंपनीचा फोन दाखवू लागतो.