नोटरीच्या टेबलावर काय चालतं, काय नाही

इंदूरच्या जिल्हा कोर्टातले ज्युनिअर मला हमखास विचारतात, "ताई, नोटरी कधी होता येतं?" नोटरी नियम, 1956 प्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराला किमान 10 वर्षांची वकिली लागते, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना 7. नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करतं, आणि प्रमाणपत्रात जी हद्द लिहिली असेल तिच्याबाहेर तुमचा शिक्का चालत नाही. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. शिक्का हातात आल्यावर लोक त्याच्याकडून काय काय करून घ्यायला बघतात, ते मात्र टेबलावर बसल्यावरच कळतं.

1952 च्या नोटरी कायद्याचं कलम 8 आधी नीट वाचा. दस्तऐवजावरची सही प्रमाणित करणं, शपथ देऊन शपथपत्र घेणं, भाषांतर करणं आणि ते पडताळणं, न वटलेल्या हुंडीची (पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीची) नोंद करणं (हे काम आता नावापुरतंच), कोर्टाने सांगितलं तर कमिशनर म्हणून साक्ष नोंदवणं. यादीत आणखीही काही कामं आहेत. पण लग्न लावणं किंवा मोडणं त्यात कुठेही नाही.

तरी दोन्हीकडची मंडळी येतातच. मुलगी, मुलगा, दोघांचे मामा, टाइप करून आणलेला कागद. "ताई, दोघंही राजी आहेत, पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत करून द्या ना." राजी असले तरी संमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली फॅमिली कोर्टातूनच मिळतो. नोटरीच्या कागदावर विसंबून कुणी दुसरं लग्न केलं, तर पहिलं कायद्याने उभंच असतं. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय कायदा मंत्रालयाने सगळ्या नोटरींना लेखी बजावलं की लग्न-घटस्फोटाचे दस्त करू नका, नोटरी म्हणजे विवाह अधिकारी नव्हे. आपल्या मध्यप्रदेश हायकोर्टाने त्याआधीच यावरून कान उपटले होते. अशा वेळी मी भाषण देत नाही, फॅमिली कोर्टाचा रस्ता दाखवते. मामा लोक रागावतात, रागावू दे.

दुसरं दुखणं प्लॉटचं. इंदूरच्या आसपासच्या अवैध कॉलन्यांमध्ये "नोटरीवरचा प्लॉट" हा जणू वेगळा मालच झाला आहे: रजिस्ट्रीवाल्यापेक्षा स्वस्त आणि ताबा लगेच. पण 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री रजिस्ट्रीशिवाय पुरी होत नाही, आणि इकरारनामा (विक्रीचा करार), मुखत्यारनामा (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद), मृत्युपत्र यांची जुडी दिली म्हणून मालकी बदलत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 सालीच सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मी इकरारनाम्यावरची सही प्रमाणित करते, पण घेणाऱ्याला समोर बसवून सांगते की माझ्या शिक्क्याचा अर्थ एवढाच: अमुक माणसाने अमुक तारखेला माझ्यासमोर सही केली. प्लॉट त्याचा आहे की नाही, हे मी पाहिलेलं नाही. काहीजण हे ऐकून उठून जातात. माझी फी बुडते, त्यांची पुंजी वाचते.

किरायानामा 11 महिन्यांचा का करतात, तेही इथेच समजून घ्या. वर्षापेक्षा जास्त मुदत लिहिली की तो रजिस्टर करावा लागतो.

मृत्युपत्राबाबत आपल्या जुन्या मराठी मंडळींचा फार गैरसमज आहे. "नोटरी केलंय, आता काळजी नाही." मृत्युपत्राला नोटरी लागतच नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि नोटरीचा शिक्का त्यांची जागा घेऊ शकत नाही. शिक्का आहे पण साक्षीदार एकच, असं मृत्युपत्र पुढे कोर्टात टिकत नाही.

आता रोजची कसोटी. मुलगा आईचं शपथपत्र घेऊन येतो, सही आधीच झालेली. "आईचे गुडघे दुखतात हो, सही तिचीच आहे, शेजारी आहात, ओळखता ना?" ओळखते, पण समोर सही झाल्याशिवाय शिक्का नाही. त्यापेक्षा मी रजिस्टर घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी जाते. माऊलींचं ओळखपत्र बघते, मजकूर वाचून दाखवते, शपथपत्रावर आणि रजिस्टरच्या रकान्यात त्यांची सही घेते. खरी प्रत (ट्रू कॉपी) करतानाही तोच नियम: मूळ कागद हातात घेऊन ओळ न् ओळ ताडायची, मोबाइलमधला फोटो चालत नाही. ज्या खटल्यात मी स्वतः वकील आहे, त्यातलं शपथपत्र मी दुसऱ्या नोटरीकडे पाठवते.

परदेशी निघालेली मुलं शिक्का मारून घेतात आणि समजतात झालं. बऱ्याच देशांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र) लागतं, ते नोटरी देत नाही. आधी कुणाची सही-शिक्का लागेल ते विचारूनच कागद माझ्याकडे आणा.

फीची पावती प्रत्येकाला द्या. वर्षभराच्या कामाचा तपशील जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारला पाठवायचा असतो, तेव्हा रजिस्टर रोजच्या रोज भरलेलं असलं की डोकेदुखी होत नाही. प्रमाणपत्राची मुदत 5 वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या 6 महिने आधीच द्यायचा, ती तारीख आजच डायरीत लिहून ठेवा.