लॅपटॉपला वायफाय लागत नाहीये? राऊटरला हात लावायच्या आधी हे वाचा

दरवर्षी गणपतीत आमच्या वाडीत हे होतंच. चाकरमानी येतात, गौरी-विसर्जनापर्यंत थांबायचं म्हणून कोणीतरी "मी इथूनच काम करतो" म्हणत लॅपटॉप उघडतो आणि पाच मिनिटांत हाक येते, नेट लागत नाहीये. घरातल्या सगळ्यांचे फोन त्याच वायफायवर मस्त चालू असतात, लॅपटॉप मात्र ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ म्हणून अडून बसतो.

गेल्या वर्षी माझ्या आतेभावाने घाईत राऊटरच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन खुपसून दहा सेकंद दाबून धरली. त्या बटणाने राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो, त्यात वायफायचं नाव-पासवर्ड तर जातोच पण बऱ्याच कनेक्शनला नेटचा जो युजर आयडी आत भरलेला असतो तोही जातो, आणि तो असतो लाईनवाल्याकडे. लाईनवाला स्वतःच्या घरच्या गणपतीत. दोन दिवस अख्ख्या घराचं नेट बंद. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं, कारण राऊटर ठणठणीत होता हो, सगळ्यांचे फोन चालत होते! तेव्हा पहिली गोष्ट हीच, त्या भोकाला हात लावायचा नाही. राऊटर बंद करून अर्धा मिनिट थांबून परत चालू करणं वेगळं, ते बिनधास्त करा, त्याने काही पुसलं जात नाही.

बिघाड तीन ठिकाणी असू शकतो. लॅपटॉपमध्ये, राऊटरमध्ये, किंवा राऊटरच्या पलीकडे लाईनमध्ये. कुठे आहे हे कळायला एक फोन पुरतो. आधी फोनचा मोबाईल डेटा बंद करा (हे विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप डेटावर चालतो आणि आपल्याला वाटतं वायफाय चालू आहे) आणि त्याच वायफायवर काहीतरी उघडून बघा. नाही उघडलं तर लॅपटॉपचा काही दोष नाही, फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागलाय का बघा, लागला असेल तर प्रकाशच येत नाहीये, कुठेतरी झाड पडून किंवा खोदकामात फायबर तुटली असेल, लाईनवाल्याला फोन करा आणि लॅपटॉप मिटून ठेवा. लाल दिवा नसेल तर राऊटर बंद-चालू करून बघा. फोनवर उघडलं तर आता फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडून बघा. हॉटस्पॉटवर नेट नाही चाललं तरी चालेल, आपल्याला फक्त जोडलं जातंय का एवढंच बघायचंय. जोडला गेला तर लॅपटॉपचं वायफाय जिवंत आहे आणि भांडण फक्त त्याचं आणि घरच्या राऊटरचं आहे. हॉटस्पॉटलाही नाही जुळला तर लॅपटॉपमध्येच बघायला लागेल.

आधी राऊटरशी भांडण असेल ते घेऊ, कारण आपल्याकडे जास्त वेळा तेच असतं आणि त्याचं मोठं कारण म्हणजे आपली घरं. चिऱ्याची भिंत फूटभर जाड, त्यात पावसाळ्यात पाणी मुरलेलं, आणि ओली भिंत सिग्नल खाते. राऊटर कायम ओटीवर कारण वायर तिथून आत येते, आणि काम करणारा माणूस शांतता हवी म्हणून मागच्या पडवीत. मधे दोन भिंती, एक लोखंडी कपाट. आतेभावाचं नेमकं हेच होतं. आमच्या राऊटरवर दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ‘५जी’. ते ५जी म्हणजे मोबाईलचं फाईव्ह-जी नव्हे, ते ५ गिगाहर्ट्झ, वेगवान असतं पण भिंतीतून जायला कमजोर. साधं नाव २.४ गिगाहर्ट्झचं, जरा हळू पण लांब पोचतं. त्याने ओटीवर बसून ५जीला जोडलं होतं आणि मग लॅपटॉप उचलून मागे गेला, लॅपटॉप तेच नाव धरून बसला. सगळे फोनवाले ओटीवरच बसलेले म्हणून त्यांना काही जाणवलं नाही. साध्या नावाला जोडल्यावर मागच्या पडवीतपण मीटिंग व्यवस्थित झाली, पण हे कळलं लाईनवाला येऊन गेल्यावर. तुमच्याकडे दोन्हीचं नाव एकच असेल तर डिव्हाईस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी, स्टार्ट बटणावर राईट क्लिक केलं की मिळते) वायफायच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबला बऱ्याच कार्डांत ‘प्रेफर्ड बँड’ असतं तिथे २.४ निवडा.

उलटंपण होतं, म्हणजे सगळ्यांना नाव दिसतं पण एकाच लॅपटॉपला दिसतच नाही. राऊटर २.४ वर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर गेला असेल तर परदेशातून आणलेले काही लॅपटॉप तो बघतच नाहीत, राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ करून टाका. आणि राऊटर नवा वायफाय ६ वाला, लॅपटॉप पाच-सात वर्षं जुना असेल तर जुन्या ड्रायव्हरला (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नवं नेटवर्क दिसत नाही असंही होतं, ड्रायव्हर अपडेट केला की दिसायला लागतं.

नाव दिसतंय पण जोडत नाही, तर पासवर्ड. राऊटरचा पासवर्ड मधे कोणी बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथे त्या नावासमोर फर्गेट करा आणि पासवर्ड नव्याने टाका. टाकताना बाजूच्या डोळ्यावर दाबून बघा खरंच काय टाईप होतंय, कॅप्स लॉक चालू असतो, कधी कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो.

जोडलंय, पण ‘नो इंटरनेट’ म्हणतोय? काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाईप करा (इंग्रजी अक्षरात, मधे जागा न सोडता) आणि एंटर. वायफायच्या खाली आयपीव्ही४ समोर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर राऊटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच काहीतरी धरलंय. राऊटर बंद-चालू करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. रीस्टार्टच, शटडाऊन नको, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन करूनही जुनी अवस्था साठवलेली राहते, रीस्टार्टने खरं पुसलं जातं. आकडा १९२.१६८ वगैरे नीट असेल आणि तरी साईट उघडत नसतील तर वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा.

एक गोष्ट खास आपल्याकडची. शेजारच्या काकूंच्या जुन्या लॅपटॉपवर वायफाय पूर्ण, फोनवर सगळं चालू, आणि लॅपटॉपवर प्रत्येक साईट ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ म्हणून अडवायची. तासभर राऊटरशी झटलो. मग सहज खाली उजवीकडे नजर गेली तर तारीख कित्येक वर्षं मागची. वादळात तीन दिवस लाईट नव्हती, बॅटरी पार उतरली, आतला घड्याळाचा छोटा सेल आधीच मेलेला, त्यामुळे तारीख मागे गेली आणि साईटची सुरक्षा-प्रमाणपत्रं त्याला चुकीच्या काळातली वाटायला लागली. तारीख-वेळ बरोबर केली, दुसऱ्या मिनिटाला बँकेचं पान उघडलं. तेव्हापासून मी लाईट जाऊन आल्यावर पहिलं घड्याळ बघतो.

आता हॉटस्पॉटलाही न जुळणारा लॅपटॉप. एअरप्लेन मोड बघा, जुन्या लॅपटॉपला बाजूला वायफायचं सरकतं बटण असतं ते बॅगेत घासून बंद होतं. डिव्हाईस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली वायफायवर खाली जाणारा बाण असेल तर राईट क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलाय, अनइन्स्टॉल करा (ड्रायव्हर डिलीट करायच्या चौकटीत टिक करू नका) आणि रीस्टार्ट, विंडोज स्वतः परत बसवतं. काम करता करता तुटत असेल तर तिथेच पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये वीज वाचवायला डिव्हाईस बंद करायची परवानगी दिलेली असते ती काढा. शेवटी नेटवर्क रीसेट, पण त्याने सगळे साठवलेले वायफाय पासवर्ड जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन परत बसवायला लागू शकतं, म्हणून सोमवारच्या मीटिंगच्या अर्धा तास आधी हे करू नका.

आणि मीटिंग खरंच अर्ध्या तासावर असेल तर दुरुस्ती सोडा. अँड्रॉईड फोन घरच्या वायफायला जोडा, चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनचंच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाईलला रेंज असो नसो. आंब्याखाली रेंज शोधत पावसात लॅपटॉप घेऊन उभी राहिलेली माणसं मी बघितलीयत म्हणून मुद्दाम सांगतोय.

लॅपटॉप राऊटरशेजारी चालतो आणि दहा पावलांवर मरतो, पण फोन तिथेच चालतो, असं असेल आणि स्क्रीनची बिजागरी सैल किंवा तुटलेली असेल तर दुकानात तेवढंच सांगा. वायफायचा अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या कडेला असतो आणि त्याची बारीक वायर बिजागरीतून जाते, ती दबते. आणि डिव्हाईस मॅनेजरमध्ये वायफायचं नावच नसेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करून बघा, कधीकधी कार्ड परत दिसतं. नाहीच दिसलं तर कार्ड सैल झालंय किंवा गेलंय, खाऱ्या हवेत त्याच्या टोकांवर गंज चढतो, आधी काढून साफ करून बसवायला सांगा, लगेच नवा बोर्ड घालायला हो म्हणू नका. तोवर यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल चालतो.