मोले उद्यानालगतच्या गावाचा विकास आराखडा: या चुका टाळा

पंचायतीचा विकास आराखडा म्हणजे कामांची यादी, हा समज गोव्यात घट्ट बसला आहे. या वाड्यावर हॉटमिक्सिंग, त्या देवळासमोर पेव्हर्स, ओहळाला संरक्षक भिंत, चौकात हायमास्ट. सासष्टी-बार्देशात अशी यादी खपून जाते. धारबांदोडा तालुक्यात, मोले राष्ट्रीय उद्यानाला टेकलेल्या गावात, तीच यादी वन खात्याच्या टेबलावर अडते. मग पंच खात्याला बोल लावतात आणि खाते कायद्याकडे बोट दाखवते. कायदा आडवा येतो हे खरेच. पण तो नेमका कुठे येतो आणि कुठे येत नाही, हे यादी करण्याआधी कुणी पाहिलेले नसते. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो, म्हणून त्या चुकीवर जरा जास्त वेळ घालवतो.

सगळ्या जंगलाला एकच नियम लावणे

आपण ज्याला सरसकट ‘मोलेचे रान’ म्हणतो ते सुमारे २४० चौरस किलोमीटर आहे. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा भाग १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, उरलेला भगवान महावीर अभयारण्य म्हणून राहिला. या दोघांच्या बाहेर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे लोकांच्या तोंडी इको सेन्सिटिव्ह झोनचा पट्टा आहे. त्याच्याही पलीकडे सरकारी वन किंवा खासगी वन असू शकते. एकाच पंचायतीत या चारही प्रकारच्या जमिनी सापडतात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा.

राष्ट्रीय उद्यानाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे कलम ३५ लागू होते. तिथे गुरे चारायला पूर्ण मनाई आहे. अभयारण्यात चराईवर नियंत्रण असते, सरसकट बंदी नसते. हक्क निश्चित करताना अभयारण्यातला एखादा जुना हक्क मुख्य वन्यजीव संरक्षकांशी विचारविनिमय करून चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना कलम २४ देते. राष्ट्रीय उद्यानासाठी मात्र कायद्याने ही मुभा मुद्दाम वगळली आहे. म्हणजे काजूच्या बागेकडे जाणारी तीच पायवाट एका बाजूला हक्क म्हणून मांडता येते आणि रेषेच्या दुसऱ्या बाजूला तो मार्गच नाही. आराखड्यात मात्र दोन्हींसाठी एकच ओळ असते: ‘पायवाटेची सुधारणा.’

संवेदनशील क्षेत्राची गोष्ट आणखी निराळी. ते वन्यजीव कायद्याखाली नाही, पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली येते. अशा अधिसूचनांत साधारण तीन गट असतात. खाणी, दगडखाणी, क्रशर, प्रदूषण करणारे उद्योग यांना बंदी. हॉटेले, झाडतोड, रस्ता रुंदीकरण, भूजल उपसा यांवर नियंत्रण. आणि स्थानिकांची शेती, बागायत, दुग्धव्यवसाय, पावसाचे पाणी साठवणे, सेंद्रिय शेती या गोष्टींना मोकळीक, उलट प्रोत्साहन. ‘झोन आला, आता घराचे कौलही बदलता येणार नाही’ अशी भीती ग्रामसभेत घालणारा माणूस हा तिसरा गट वाचत नाही. आणि आराखड्यात बिनधास्त रिसॉर्ट घालणारा पहिले दोन वाचत नाही. खाणीबद्दल तर शंकेला जागाच उरलेली नाही. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या आत आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशात पुन्हा सांगितले. डंपवर (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर), खाणीच्या रस्त्यावर किंवा ट्रकांच्या धंद्यावर आधारलेले काम या पट्ट्यात लिहून कागद वाया घालवू नये.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. प्रत्येक कामासमोर सर्व्हे नंबर आणि पोटविभाग लिहा. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि सर्व्हे प्लॅन काढा, तो अधिसूचनेच्या नकाशावर ठेवा आणि चार प्रकारांपैकी जमीन कशात पडते ते त्याच ओळीत नोंदवा. मग वनरक्षकाला बरोबर घेऊन ती हद्द एकदा पायाने चाला. कागदावरची रेषा आणि रानातला दगड पुष्कळदा एकमेकांना ओळखत नाहीत. फरक निघाला तर तो परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तोंडी ‘बघूया’ या उत्तरावर एकही काम उभे करू नका.

एकच रान, चार फायली

मोलेच्या रानातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकाच सुमारास पुढे आले तेव्हा २०२० मध्ये गोव्यात मोठी चळवळ झाली. एकाच जंगलावर पडणारा तिन्हींचा भार एकत्र का मोजला नाही, हा तिचा एक कळीचा प्रश्न होता. पुढे ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली. त्या निकालावर कुणाचे काहीही मत असो, आधी सखोल अभ्यास आणि मग परवानगी, हा क्रम त्यातून स्पष्ट झाला.

गावपातळीवर आपण नेमके उलट करतो. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, पथदीप वीज खात्याकडे, ओहळाची भिंत जलस्रोत खात्याकडे, शौचालये पर्यटन खात्याकडे. चारही कामे एकाच ओहळाच्या काठी, पण तो ओहळ कुठल्याच फायलीत पूर्ण दिसत नाही. ओहळ किंवा पाणलोट हा एकक धरून कामे एकत्र मांडा. एका पानावर सगळी दिसली की ग्रामसभेलाच कळते, की भिंत बांधून वरच्या अंगाचे पाणी खालच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, घुसणार आहे. आणि हे पाणी गावापुरते नाही. दूधसागरचा ओघ पुढे खांडेपार नदीला मिळतो आणि ओपाच्या जलप्रकल्पातून फोंडा, तिसवाडीच्या नळांना जातो. ही गोष्ट आराखड्याच्या प्रस्तावनेत ठळक लिहा. निधी मागताना ती उपयोगी पडते.

निधीचे आणखी एक. पंधराव्या वित्त आयोगाच्या पंचायत अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. तरी यादीत वरच्या दहा कामांत पेव्हर्सच. बांधील पैसा कुठल्या कामांना लागू होतो हे पंचायत सचिवाला यादी लिहिण्याआधी विचारा, नंतर नको.

काजूच्या मोसमात ग्रामसभा

गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते, आणि ज्यांचे पोट रानावर आहे ती माणसे एप्रिलच्या रविवारी काजूच्या बागेत असतात. बोंडू वेचायचे थांबवून कुणी सभागृहात येत नाही. मग सभेला येतात ते नोकरदार, ठेकेदार आणि नेहमीचे चार वक्ते. धनगरांच्या वस्त्या तर यादीत नावापुरत्या. बायका आल्या तरी मागच्या बाकावर, आणि पाणी, सरपण, रानभाज्या यांचे खरे ज्ञान त्यांच्याकडे.

म्हणून ग्रामसभेच्या आधी वाड्यावाड्यावर संध्याकाळी बसा, पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि काजू संपल्यानंतरचे दिवस पकडून. तिथे काय हवे हे विचारू नका. वर्षभरात कुठल्या महिन्यात कुणाला कशासाठी रानात जावे लागते ते विचारा. उत्तरांतून मोसमाचे वेळापत्रक आपोआप तयार होते. जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या ज्ञानाची वही, उघडा. ती बहुतेक ठिकाणी तयार आहे आणि कपाटात आहे. शेवटी आराखड्याचा सारांश देवनागरीत छापून दुकानात, बसथांब्यावर लावा. सगळी सभा कोकणीत झाली आणि कागद फक्त इंग्रजीत निघाला, तर लोकांनी काय मंजूर केले हे लोकांनाच कळत नाही.

पर्यटन म्हणजे फक्त दूधसागर

कुळ्याहून धबधब्यापर्यंत जीप जातात. मोसम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाळ्यात बंद पडतो. या एका वाटेवर अनेक घरांची चूल पेटते, त्यामुळे त्याबद्दल तुच्छतेने बोलण्यात अर्थ नाही. पण आराखड्याने तेवढेच धरले की पार्किंग वाढवा, स्टॉल वाढवा, आणखी पार्किंग वाढवा, एवढेच सुचते. किती गाड्या आणि किती माणसे ही वाट सोसू शकते, हा आकडा ठरवल्याशिवाय पार्किंगचा आकडा ठरवणे उलटे आहे. आत किती जायचे ते ठरवण्याचा अधिकार वन खात्याचा, पण बाहेरचा भार पंचायतीच्या अंगावर येतो: कचरा, सांडपाणी, रस्त्याची कोंडी. तो मोजणे तुमच्या हातात आहे. मोसमातल्या एका साध्या वारी आणि एका सुट्टीच्या दिवशी गाड्या मोजा, कचऱ्याच्या गोण्या मोजा. वहीत लिहिलेले हे आकडे सल्लागाराच्या जाडजूड अहवालापेक्षा वजनदार ठरतात.

पावसाळ्यात उलटा प्रश्न. जीप बंद आणि रीलवर धबधबा बघून आलेली पोरे रेल्वे रुळांवरून चालत निघतात, बंदी असूनही. अशांना स्थानकावरच अडवायचे कोण, अपघात झाला तर स्ट्रेचर कुठून, याचा एक परिच्छेद हवाच. तो सहसा नसतो.

आणि दूधसागरपलीकडे? तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर आहे, कुळागरे आहेत, पक्षी बघायला येणारे शांत लोक आहेत. त्यांना मोठे हॉटेल लागत नाही, एक स्वच्छ खोली आणि घरचे जेवण लागते. नव्या हॉटेलांवर झोनचे कडक नियंत्रण असते, म्हणून राहत्या घरातल्या खोल्यांचा पर्याय आधी तपासा. पर्यटन खात्याची नोंदणी लागते, ती कुणी कशी करायची हे आराखड्यातच लिहा. माकडांना चिप्स खिलवणाऱ्यांचे काय करायचे, हेही लिहा. हसण्यासारखे वाटेल, पण पुढच्या मुद्द्याचे मूळ तिथेच आहे.

गवा आराखड्यात नसतो

राज्यप्राणी गवा. फलकांवर दिसतो, आराखड्यात दिसत नाही. केळी माकडे नेतात, सुरण-कणगी रानडुक्कर उकरते, पोफळीच्या रोपांवर गवा चालतो, आणि ‘विकास’ म्हणून आपण हायमास्ट मागतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ विषबाधेने मेले. त्याआधी त्या भागात वाघाने गुरे मारली होती. नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळते यावर विश्वास नसला की रानाशेजारच्या गावात काय घडू शकते, ते तिथे दिसले.

आराखड्यात यासाठी साध्या चार गोष्टी पुरतात: नुकसान झाल्यावर कुणाला कळवायचे आणि पंचनामा कोण करणार, रात्रीच्या गुरांसाठी भक्कम गोठे, पिकानुसार कुंपणाची गरज, आणि उघड्यावरचा कचरा बंद. गोठ्याला पैसा मागताना लोक लाजतात, मंडपाला मागताना नाही.

आग हाही याच खात्यातला विषय. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात मोठे वणवे लागले. काजूच्या मोसमाआधी पालापाचोळा काढून जाळपट्टे (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) कधी, कुणी आखायचे, हे तारखेसह लिहा. स्थानिक तरुणांना त्याची मजुरी मिळाली तर पंचायतीला वेगळे पथक उभारावे लागणार नाही.

हक्कांचा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणणे

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, रानात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे आणि वनोपजावरचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. तरी या हक्कांचे दावे रेंगाळलेलेच. दावा प्रलंबित असलेल्या जमिनीवर पंचायतीने उद्यान किंवा पार्किंग सुचवले की दोन भावकींत भांडण लागते आणि आराखडा बाजूला राहतो. आधी वनहक्क समितीकडून दाव्यांची यादी घ्या आणि ते सर्व्हे नंबर वेगळ्या रंगाने नकाशावर दाखवा. पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला हलवता येत नाही, हे या कायद्याचे कलम ४(५) सांगते.

याच कायद्यातले एक कलम फार कमी वापरले जाते. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी, नळवाहिनी, वीजवाहिनी, रस्ता अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळू शकते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत. हा कलम ३(२) चा मार्ग वन संवर्धन कायद्याच्या अटीतून सूट देतो. अभयारण्याच्या आत वन्यजीव कायद्याची परवानगी तरीही लागते. म्हणून हद्दीबाहेरच्या वनजमिनीवरील कामे आधी या मार्गाने काढा.

काम अडलेच तर

‘वन खात्याने नाकारले’ हे वाक्य ग्रामसभेत ऐकले की पहिला प्रश्न विचारा: कुठल्या कलमाखाली, आणि कागद कुठे? पुष्कळदा नकार नसतो, त्रुटीचे पत्र असते आणि ते सचिवाच्या टपालात पडून असते. सर्व्हे नंबर, झाडांची संख्या, ग्रामसभेचा ठराव, यांतले काहीतरी राहिलेले असते.

खरोखर नकार असेल तर जागा बदलून बघा. टाकी दोनशे मीटर खाली सरकली तर काही ठिकाणी लागू होणारा कायदाच बदलतो. तेही जमत नसेल तर विषय पंचायतीच्या आराखड्यात रेटण्याऐवजी वरच्या दोन आराखड्यांत न्या. संवेदनशील क्षेत्राचा विभागीय बृहत् आराखडा राज्य सरकारने स्थानिकांशी सल्लामसलत करून करायचा असतो. उद्यान व अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा वन खाते करते, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्क कायदा लागू असलेल्या अभयारण्यात त्यासाठी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. ठरावात नुसते ‘रस्ता मंजूर करावा’ लिहू नका. कुठला सर्व्हे नंबर, कुणाला, वर्षातले किती महिने, दुसरी वाट का नाही, हे लिहा. ठरावाची एक प्रत उपवनसंरक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक झोनच्या देखरेख समितीला पाठवा. पोच घ्या आणि तिचा आवक क्रमांक पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवा.