रस्त्याकडेचं गटार: नव्या कनिष्ठ अभियंत्यासाठी

बांधकाम खात्यात किंवा ठेकेदाराकडे नव्याने लागलेल्याला गटाराचं काम दुय्यम वाटतं. एस्टिमेटमध्ये ते शेवटी येतं आणि निधी कमी पडला की कात्री तिथेच लागते. डांबर उखडलं की मात्र पाण्याचाच शोध सुरू होतो.

फीत काढण्याआधी दोन गोष्टी बघा: पाणी रस्त्यावरून गटारात येतं का, आणि गटारातून ते शेवटी कुठे जातं. पहिल्यात दोष बहुधा साईडपट्टीचा असतो. डांबराच्या कडेला माती आणि गवत साचून पट्टी रस्त्यापेक्षा उंच होते, मग गटार कितीही छान असो, पाणी डांबरावरच थांबतं. डांबरी रस्त्याला साधारण २.५ टक्के कॅम्बर (मधून कडेकडे उतार) असेल तर साईडपट्टीला ३ टक्के किंवा जास्त उतार हवा. दुसरा प्रश्न मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या वाटेचा. मोरी किंवा ओढा सापडला नाही तर ते गटार नव्हे, लांबट डबकं.

आता गटारात किती पाणी येईल त्याचे आकडे. ज्यावरचं पाणी गटारात येतं ते क्षेत्र हेक्टरमध्ये आणि पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये घेतली, तर दोन्ही एकमेकांनी आणि अपवाह गुणांकाने (पावसातला वाहून जाणारा वाटा) गुणून ३६० ने भागलं की घनमीटर प्रतिसेकंद मिळतात. २ हेक्टर, गुणांक ०.६, तीव्रता ८० असेल तर सेकंदाला ०.२७ घनमीटर. दिवसाच्या पावसाला २४ ने भागून तीव्रता काढू नका. दिवसाला २०० मिमी म्हणजे सरासरी तासाला ८ मिमी. गटार मात्र पंधरा मिनिटांच्या सरीने भरून वाहतं, आणि तेवढ्या वेळेची तीव्रता कैक पट असते.

हेच पाणी तळाला ६० सेंमी रुंद, बाजूंना दीडास एक उतार असलेल्या, विरळ गवताच्या कच्च्या गटारातून न्या. मॅनिंगचा गुणांक (गटाराच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०३ धरला तर १ टक्का उतारावर पाण्याची खोली सुमारे २७ सेंमी आणि वेग सेकंदाला १ मीटर येतो. उतार ३ टक्के झाला की खोली २० सेंमीवर उतरते, वेग मात्र दीड मीटर होतो. खोली कमी झाली म्हणून गटार पुरतं असं कागदावर दिसतं, पण त्या वेगाला सैल मुरूम टिकत नाही.

म्हणून उतारावर दगडी आडवे बांध घालायचे. १० ते २० सेंमीचे दगड, कडेला उंची ४५ सेंमी आणि मध्ये १५ सेंमीची खाच. दगड दोन्ही काठांत आत घुसवा, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून काठ खातं. खालच्या बांधाची खाच वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत यावी, म्हणजे दोन बांधांमधलं अंतर खाचेच्या तळाच्या उंचीवरून (४५ उणे १५, म्हणजे ३० सेंमी) काढायचं: ०.३० भागिले ०.०३, दहा मीटर. पूर्ण ४५ सेंमी धरून पंधरा मीटर काढणारे बरेच असतात, आणि मधले पाच मीटर धुपत राहतात. तुंबलेलं पाणी रस्त्याच्या सबग्रेडच्या (थरांखालच्या दाबलेल्या मातीच्या) तळापेक्षा खालीच राहिलं पाहिजे. गटाराला तेवढी खोली नसेल तर बांध घालूच नका.

पाणी स्वच्छ करण्याचं काम गवत करतं. टायरमधलं जस्त, ब्रेकमधलं तांबं, सांडलेलं तेल यांचा मोठा भाग बारीक मातीच्या कणांना चिकटून येतो. पाणी गवताच्या उंचीपेक्षा उथळ आणि संथ, सेकंदाला ०.३ मीटरच्या आत वाहिलं तर कण खाली बसतात. मोठ्या सरीत हे होत नाही, ती फक्त वाहून न्यायची. हलक्या आणि पहिल्या सरी गाळायच्या. आपली अडचण इथेच आहे: सात-आठ महिन्यांची घाण जूनच्या पहिल्या पावसात येते, तेव्हा गवत वाळलेलं असतं. त्यात मेअखेरीस जेसीबीने गटार तळापर्यंत खरवडून ‘साफ’ केलं की होता तो आधारही जातो. साचलेला गाळ काढा, पण काठांवरची हरळी आणि तिची मुळं ठेवा. वाळलेलं गवतसुद्धा पाणी अडवतं. धूप जास्त तिथे वाळा गवताची आडवी ओळ लावा, लावणी पाऊस स्थिरावल्यावर.

मोरीच्या तोंडाशी पाईपच्या तळाखाली ६० सेंमी खोल गाळखड्डा ठेवा आणि अर्धा भरला की उपसा. उपसलेला गाळ साईडपट्टीवर टाकू नका. पहिल्या सरीला तो परत आत येतो, आणि तोवर त्याचा वरंबा रस्त्याचं पाणी अडवतो. ट्रॉली एस्टिमेटमध्येच धरा.

पाणी जिरवण्याचा मोह सगळीकडे चालत नाही. जांभ्यात ते जिरतं. काळ्या मातीत ते जिरत नाही, उलट माती फुगते आणि रस्त्याची कड वर-खाली होते. तिथे पाणी लवकर बाहेर काढणंच बरं. पिण्याच्या विहिरीजवळ जिरवू नका. घाटात डोंगराच्या अंगाला गटार पक्कंच हवं, आणि कटिंगच्या माथ्यावरच्या चरीला तडा गेला असेल तर तो आधी बुजवा. मुरलेलं पाणी दरड सैल करतं.

शेताच्या वाटेखाली शेतकरी १५० किंवा ३०० मिमीचा पाईप टाकून वर माती ओढतात. तो पालापाचोळ्याने तुंबतो, आणि आतून साफ करता येत नाही. ६०० मिमीचा पाईप द्या, किंवा उथळ जागी दगडी फरशीची उतरती वाट करा. बैलगाडी आणि ट्रॅक्टर दोन्ही त्यावरून जातात.

पहिला जोराचा पाऊस चालू असतानाच छत्री घेऊन रस्ता चाला. पाणी कुठे डांबरावर थांबतं, कुठला बांध वळसा घालून फुटतो, कुठे गावाचं सांडपाणी गटारात सोडलंय, हे तेव्हाच दिसतं. साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) नोंदवा. दुरुस्तीचं मोजमाप त्यावरूनच निघतं.