जुना राग जात नाही? या चुका टाळा

‘मनात साठवू नकोस, एकदाचा बाहेर काढ’ हा सल्ला सगळेच देतात, आणि वर्षानुवर्षांच्या रागाला तोच सर्वांत जास्त खतपाणी घालतो. उशी बडवली, दार आपटलं की क्षणभर मोकळं वाटतं खरं, पण भडकण्याचा सराव मात्र होत राहतो. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाच्या २००२ सालच्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे, नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले आढळले. पुढे २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. राग उतरत होता तो संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा शरीर निववणाऱ्या गोष्टींनी. धावण्यानं उलट वाढण्याकडेच कल दिसला. तब्येतीसाठी धावायला जरूर जा. रागावरचा उतारा म्हणून नको.

दुसरी चूक वेळेची. आवाज चढल्यावर दहापर्यंत आकडे मोजायचं कुणाला सुचतं? खूण आधीच मिळालेली असते: जबडा आवळला जातो, कान तापतात, समोरच्याचं वाक्य आपण मध्येच तोडतो आणि ‘हा मुद्दामच करतोय’ हे मनात पक्कं होतं. भांडण निवल्यावर हा क्रम लिहून काढा. चार-पाच नोंदींत तुमची पहिली खूण सापडते, थांबायचं तिथे. रेमंड नोव्हाको या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेल्या रागावरच्या उपचारपद्धतीत असा सराव आधी किरकोळ प्रसंगांवर होतो, मग अवघड प्रसंगांवर. बहुतेक जण थेट सर्वांत जुन्या वैऱ्यापासून सुरुवात करतात आणि आठवड्यात नाद सोडतात.

खोलीतून तरातरा निघून जाणं म्हणजेही थांबणं नव्हे. ‘अर्ध्या तासानं बोलू’ असं सांगून जा, आणि ठरल्या वेळी परत या. तो अर्धा तास मनातल्या मनात उत्तरं घासूनपुसून ठेवण्यात घालवलात, तर आणखी तापूनच परताल.

घरच्यांसाठी एकच: भडका उडालेला असताना समजूत घालू नका.

एवढं करूनही फरक नसेल, तर अपुरी झोप आणि दारू आधी तपासा. नैराश्य किंवा थायरॉइडचा अतिस्राव चिडचिडीच्या रूपातही दिसतो, म्हणून डॉक्टरांना दाखवा. मात्र हात उचलला जात असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका: आधी घरातली माणसं सुरक्षित जागी, आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञाची भेट.