दातांवरचे चहाचे डाग घालवायला चिमूटभर खायचा सोडा

दिवसाला चार-पाच कप चहा होत असेल तर रोज ब्रश करूनही दातांच्या फटींत तपकिरी रेघा राहतातच. त्यासाठी महागडी पेस्ट लागत नाही.

१. मऊ ब्रशवर नेहमीची फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्या.
२. ब्रश खायच्या सोड्यात नुसता टेकवा. चिकटेल तेवढाच पुरे. बेकिंग पावडर नको, आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नाही.
३. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, हलक्या हाताने दोन मिनिटं. ब्रशचे केस फाकायला लागले की समजा जोर जास्त होतोय.

आठवड्यातून दोनदा बास. बाकी दिवशी साधी पेस्ट, आणि चहा संपला की दोन घोट पाण्याची चूळ. खरं तर निम्मं काम ही चूळच करते. आंबट खाल्लं असेल तर ब्रश अर्ध्या तासाने.

सोड्यात लिंबू पिळायचा सल्ला सगळीकडे फिरतो, तो सोडून द्या. आंबटाने दाताचं वरचं कवच झिजतं आणि ते परत येत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, तिचा तर विचारही नको.

डाग खरखरीत आणि टणक लागला तर ते कीटण आहे, ते दवाखान्यातच निघतं. कॅप किंवा फिलिंगचा रंग घरी बदलत नाही. आणि एकच दात काळपट पडत चालला असेल तर तो घासत बसू नका, डेंटिस्टला दाखवा.