सीवायपी५१ वर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एम. फार्म.ला बुरशीविरोधी औषधांचं डॉकिंग (औषधाचा रेणू एन्झाइममध्ये कसा बसेल ते संगणकावर पाहणं) हा विषय घेतला की मुलं पहिलं विचारतात, "सॉफ्टवेअर कुठलं वापरू?" ते शेवटी ठरवलं तरी चालतं. ऑटोडॉक व्हिना फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आधी एन्झाइम ओळखीचं करून घ्या.

माझं काम सीवायपी५१ वर आहे. बुरशी आपल्या पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल बनवते, त्या साखळीतलं हे एन्झाइम. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही अझोल औषधं इथेच अडकतात. आत हीम असतं, हीमच्या मधोमध लोह, आणि अझोलच्या कड्यातला एक नायट्रोजन थेट त्या लोहाला धरतो. अंतर साधारण २ ते २.३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). पीडीबीची (प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहाची) फाइल साफ करताना पाण्याबरोबर हीमही उडवलं, तर मोठा खड्डा उरतो. त्यात कुठलाही रेणू ऐसपैस बसतो, पकड किती घट्ट हे सांगणारा डॉकिंगचा आकडाही देखणा येतो आणि त्याला काही अर्थ नसतो.

पाण्याचंही तसंच आहे. कँडिडा अल्बिकन्सच्या या एन्झाइममध्ये १३२ व्या जागी टायरोसिन हे अमिनो आम्ल आहे. फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल हे आखूड रेणू पाण्याच्या एका रेणूमार्फत त्या टायरोसिनशी हायड्रोजन बंध जोडतात. कँडिडा ऑरिसच्या औषधाला दाद न देणाऱ्या बऱ्याच वाणांत तिथे फिनाइलअलानिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. बंध धरणारा हायड्रॉक्सिल गट गेला की पकड ढिली होते. म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या, गटात हा बदल जन्मजातच असतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात या आजारावरच्या अँफोटेरिसिन बीच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते, तेव्हा सहज मिळणाऱ्या फ्लुकोनाझोलचा उपयोग का नव्हता, त्याचं एक मोठं कारण एवढ्याशा बदलात आहे. पोसाकोनाझोल या दुसऱ्या अझोलची लांब शेपटी एन्झाइमच्या वाटेत दूरपर्यंत टेकते, म्हणून ते टिकाव धरतं. सरसकट सगळं पाणी पुसून डॉकिंग केलं, तर यातलं निम्मं तुम्हाला दिसणारच नाही.

नवे रेणू लावण्याआधी जुन्याची परीक्षा घ्या. पीडीबीतून कँडिडा अल्बिकन्सच्या सीवायपी५१ ची ५टीझेड१ ही रचना उतरवा. त्यात ओटेसेकोनाझोल हे औषध बसलेलं आहे. ते बाहेर काढून पुन्हा डॉक करा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं आणि नायट्रोजन लोहाकडे वळलेला दिसला, तरच पुढे जा. मग माहीत असलेली अझोल औषधं आणि त्यांच्यासारखेच दिसणारे निष्क्रिय रेणू एकत्र मिसळून पाहा. तुमची पद्धत त्यांना वेगळं काढू शकत नसेल, तर हजारो रेणूंची यादी चाळून हाती काही लागणार नाही.

माणसाची एन्झाइम्सही याच घराण्यातली आहेत, हे प्रत्येक टप्प्यावर ध्यानात असू द्या. फ्लुकोनाझोल वॉरफरिन मोडणाऱ्या सीवायपी२सी९ या मानवी एन्झाइमला अडवतं, म्हणून वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या रुग्णाला रक्तस्रावाचा धोका वाढतो. ओटेसेकोनाझोलमध्ये लोह धरणारं कडं ट्रायाझोलऐवजी टेट्राझोल ठेवलं, ते मानवी एन्झाइम्सवरची पकड कमी व्हावी म्हणूनच. अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तुमचे निवडक रेणू सीवायपी३ए४ आणि सीवायपी२सी९ या मानवी एन्झाइम्सवरही डॉक करा. तिथेही तितकेच घट्ट बसत असतील, तर ते यादीतून काढा.

आपल्याकडे वनस्पतींतल्या घटकांचं डॉकिंग करून थेट प्रबंध लिहितात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हळदीतलं कर्क्युमिन जवळपास प्रत्येक एन्झाइमवर चांगला आकडा देतं, आणि ते चाचण्यांमध्येही फसवं वागतं. म्हणून विषय नक्की करण्याआधीच सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात जाऊन बोला. मायक्रोडायल्युशनने (औषधाची पातळ होत जाणारी द्रावणं वापरून) एमआयसी, म्हणजे बुरशीची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढून देणारं कोणी आहे का, फ्लुकोनाझोलला मुळातच दाद न देणारी कँडिडा क्रुसेई त्यांच्याकडे आहे का, रेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळवला तर किती टक्क्यांपर्यंत चालेल, हे विचारा. तिथून होकार आला, की मग डॉक करायच्या रेणूंची लायब्ररी उतरवायला घ्या.